पडताळणीआधी पेढे नाहीत

डॉ. यशोधरा रामटेके यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या उभ्या होत्या. आज त्या साठीच्या झाल्या, पण त्यांना बसलेलं मी एकदाच पाहिलं आहे, ते पुढे सांगते. भिलाईतल्या आमच्या कॉलेजात पीएच.डी.साठी विषय मागायला मी गेले होते. मॅडम खिडकी ते फळा अशा येरझाऱ्या घालत चहा पीत होत्या. "तुले घाई हाय काय?" त्यांनी विचारलं. मी भीतभीत नाही म्हटलं. "मले हाय. चाल, कामाले लाग."

त्यांचं काम आपणा सर्वांना ठाऊक असेलच असं नाही. ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित उतरतो. अंतराळातल्या दुर्बिणीची, कोणालाही खुली असलेली मोजमापं चाळून मॅडम असे उतार शोधतात, आणि तेही तारकागुच्छांत. गुच्छातले तारे एकाच सुमारास जन्मलेले असतात, त्यामुळे गुच्छाचं वय कळलं की ग्रहाचंही कळतं. बाळपणी ग्रह कसे असतात, हे त्यावरून पाहता येतं. पण तरुण तारे भारी चुळबुळे. अंगावर डाग घेऊन गरगर फिरतात आणि उजेड उगाच खाली-वर करतात. त्यात गुच्छात दाटी. मॅडम इथल्याच खुर्सीपार वस्तीतल्या एकाला एक लागलेल्या घरांत वाढल्या. त्या म्हणतात, "फोडणी शेजारनीच्या घरी पडते, अन् ठसका आपल्याले लागते." शेजारच्या ताऱ्याचा उजेड उतरला तरी तो आपल्याच ताऱ्याचा वाटतो.

हा ठसका त्यांना स्वतःला लागलेला आहे. उमेदीच्या काळात त्यांना पहिला ग्रह सापडला. त्यांचे बाबा भंडाऱ्याकडून इथं येऊन पोलादाच्या प्लांटमध्ये लागलेले. त्यांनी गल्लीभर पेढे वाटले, पाळीतल्या एकेकाला थांबवून सांगितलं. पुढे कळलं की ते शेजारचेच दोन तारे होते, आलटूनपालटून एकमेकांना झाकणारे. मॅडम ज्या-ज्या घरी पेढे गेले होते त्या-त्या घरी स्वतः गेल्या आणि "तो ग्रह नव्हता" असं सांगून आल्या. एका काकूंनी अगदी मनापासून विचारलं, "मंग पेढे वापस करा लागते काय वो बाई?" गल्ली पोट धरून हसली. बाबांना मात्र निवृत्तीपर्यंत प्लांटमध्ये 'ग्रहवाले' म्हणत. ते मुलीला त्याबद्दल एक शब्दही बोलले नाहीत, आणि मॅडमना तेच जास्त लागलं.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. पडताळणी होईस्तोवर 'ग्रह' हा शब्द काढायचा नाही, 'संशयित' म्हणायचं. ज्याला तो सापडला त्यानंच तो खोटा पाडायला धडपडायचं. चुकून 'ग्रह' म्हणेल त्यानं सगळ्यांना समोसे चारायचे. माझे समोसे किती गेले ते विचारू नका.

मग एका तरुण गुच्छात मला एक संशयित सापडला. उतार ठरल्या वेळी, अगदी इमानदारीत परत यायचा. त्याच सुमारास मॅडमच्या बाबांनी अंथरूण धरलं. मॅडम हुडको कॉलनीतलं घर, दवाखाना आणि कॉलेज अशा धावत होत्या. इकडे पद्मनाभपुरात माझ्या घरी 'शिक्षण संपणार कधी'चा धोशा सुरू होता. मॅडम एका संध्याकाळी आमच्याकडे आल्या, उभ्यानंच चहा घेतला आणि माझ्या वडिलांना म्हणाल्या, "पोरगी चांगलं काम करून राहिली, भाऊ. थोडं दम धरा." स्वतःच्या घरी एवढं चाललेलं असताना त्या आल्या होत्या. मला रडू आलं.

पण मलाच दम धरवेना. मी म्हटलं, "मॅडम, अब बता देते हैं ना. निदान तुमच्या बाबांना तरी कळू द्या." मॅडमच्या येरझाऱ्या थांबल्या.

"कावून? बाबाले दुसऱ्यांदा खोटे पेढे चारू काय?"

पडताळणीसाठी जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणीवर आम्हाला पहिल्यांदा वेळ मिळाला तो ढगांनी खाल्ला. बाबांचं जेवण कमी होत गेलं. दुसऱ्यांदा चित्र आलं तर आमच्या ताऱ्याला खेटून एक फिकट शेजारी! माझं अवसानच गळालं. मॅडम म्हणाल्या, "रडू नको. दोघायले अलग अलग मोज." आम्ही मोजलं. शेजारी ढिम्म होता, उतार आमच्याच ताऱ्याचा होता. मॅडमनी ते माझ्याकडून पुन्हा तपासून घेतलं, मग बाहेरच्या दोन जाणकारांकडून. त्यांचं उत्तर आलं त्या दुपारी त्या म्हणाल्या, "आता म्हन." "काय, मॅडम?" "तो शब्द." मी म्हटला, आणि आम्ही मिठाईच्या दुकानाकडे सुटलो.

हुडकोतल्या घरी मॅडम बाबांच्या खाटेवर टेकल्या. बाबांनी पेढा हातात घेतला, पण तोंडाकडे नेला नाही.

"पक्का हाय नं, पोरी?"

"हो बाबा. मोडून पाह्यला. मोडत नाई."

बाबांनी सावकाश पेढा खाल्ला. मग डबा माझ्याकडे सरकवला. "हे खुर्सीपारले नेऊन दे. त्या बाईले सांग, हे वापस नाई होत."

बाबा त्या दुखण्यातून उठले, आता काठी टेकत फिरतात. लेकीच्या साठीच्या सत्काराला पहिल्या रांगेत बसायचं त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं आहे. मॅडम, तुमच्या येरझाऱ्या अशाच चालू राहोत, गुडघे शाबूत राहोत आणि आमचे संशयित तुमच्या हातून मोडत राहोत. तुमच्या पंच्याहत्तरीचे पेढे मी हलवायाला आत्ताच सांगून ठेवले आहेत. पडताळणी केलेली नाही. समोशांचा दंड मला मंजूर आहे.