सासऱ्यांच्या दगडावरचा बैल

माझे सासरे मी पाहिले नाहीत. लग्न होऊन भोसरीला आले तेव्हा ते ओढ्याकाठी दगडात उभे होते. पुरात शेजाऱ्याचा बैल वाहून चालला होता, त्याला सोडवायला ते उतरले. बैल वर आला, सासरे आले नाहीत. गावाने त्यांचा दगड बसवला: फेटेवाला माणूस आणि बाजूला बैल. बैल माणसाहून देखणा, कारण पाथरवटाचा हात बैलावर बसलेला.

सासूबाई एरवी तिकडे फिरकत नसत. भाद्रपद अमावस्येच्या भादवी पोळ्याला मात्र घरचे बैल रंगवून झाले की उरलेला हिंगूळ घेऊन जायच्या आणि त्या दगडी बैलाची शिंगे रंगवायच्या. "तुज्यापायी गेलं माजं मानूस, तरी रंगीवते बग," असं त्याला ऐकवायच्या. नवऱ्याशी मात्र चकार शब्द नाही.

पन्नासच्या दशकात एका पोटनिवडणुकीत एक अपक्ष उभा राहिला. निशाणी घोडा. नेमकी पोळ्यालाच त्याची सभा दगडापाशी ठरली. त्याच्या उत्साही माणसांनी दगडाला चुना फासला, बैलाची शिंगे छिन्नीने उडवली आणि मानेवर आयाळ कोरली. भाषणात सासरे शूर घोडेस्वार झाले, टाळ्याही पडल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी पडले नवी सून.

तेवढ्यात सासूबाई हिंगुळाची वाटी घेऊन आल्या. बैलाचं डोकं चाचपून म्हणाल्या, "शिंगं कुठं हायती?"

उमेदवार हात जोडून म्हणाला, "आई, घोडा केलाय. मान वाढला मालकांचा."

"शेजाऱ्याकडं घोडं ठिवायची श्रीमंती असती तर त्याच्या बैलासाठी कोन मरतंय? त्या एका बैलावर त्याची पोरं जगत व्हती, म्हनून पुरात उतरलं माजं मानूस."

उमेदवार खाली उतरला. तोही शेतकरीच, चेहरा पार पडला होता बिचाऱ्याचा. सासूबाईंनी ओढ्यातला चिखल आणून दोन वाकडी शिंगे बसवली. एक निखळायला लागलं, तसं ते त्यानं धरून ठेवलं. हिंगूळ त्याच्या पांढऱ्या बाहीवर ओघळला, तरी हात हलवला नाही. मला त्याचा राग धरवेना.

शिंगे रंगवून झाली. मग सासूबाई पहिल्यांदाच दगडातल्या माणसाकडे वळल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"धनी," त्या म्हणाल्या, "बैल वर आला व्हता बरं का."