सोन्याला श्वास कळतो

वर्क परमिटचं रिन्युअल अडकलं आणि मला नोकरी थांबवावी लागली. तेव्हा आम्ही परदेशात, शॉमबर्गला राहत होतो. मुलगी शाळेत, नवरा ऑफिसात, आणि मी दिवसातून वीस वेळा फोनवर परमिटच्या केसचं स्टेटस बघत घरभर फिरायची. बारा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढलेली. रिकामं बसणं अंगातच नव्हतं. शेवटी नवरा वैतागला. "अगं, कुठलातरी क्लास जॉइन कर. बस एका जागी!"

जवळच्या लायब्ररीत दर मंगळवारी सकाळी एक क्लास भरायचा. रेनेसाँच्या काळातले इटालियन चित्रकार लाकडी फळीवर कसं काम करायचे, ते हातानं करून शिकायचं. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, जुन्या चित्रांच्या दुरुस्तीत आयुष्य गेलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी अंड्याचा बलक या तळहातावरून त्या तळहातावर घोळवून कोरडा केला, चिमटीत धरून टोचला आणि निळ्या रंगात कालवला. मला ते स्वयंपाकासारखंच वाटलं. मी रमले.

सोन्यापाशी मात्र अडलं. प्रत्येकानं एक देवदूत करायचा होता: आधी डोक्यामागचं सोन्याचं वलय, चेहरा शेवटी. वलयासाठी फळीवर तांबड्या मातीचा लेप द्यायचा, तो ओला करून त्यावर वर्ख टेकवायचा. बर्फीवरच्या वर्खासारखाच, पण सोन्याचा. माझा पहिला वर्ख उडाला, दुसरा चुरगळला, तिसरा बोटाला चिकटला.

"सारखा खिशाकडे हात जातोय तुझा," बाई म्हणाल्या. "आणि धापा टाकतेस. सोन्याला श्वास कळतो."

मी चिडले. "हे माझं काम नाही. माझं काम माझ्याकडून काढून घेतलंय."

त्यांनी चुरगळलेला वर्ख बाजूला सारला. मग म्हणाल्या, "मी दुरुस्त केलेल्या चित्रांवर सोनं लावणाऱ्याचं नाव कधीच नसायचं. चेहरा उस्तादाचा, सोनं दुसऱ्या कुणाचं तरी. त्याचीही काही काळजी असेलच ना? तरी वर्ख ठेवताना श्वास धरत असणार."

मला यानं धीर आला नाही. नाव नसणं काय असतं ते, बारा वर्षं टेस्टिंग केलेल्या मला, कुणी सांगायची गरज नव्हती. मी तडक गाडीत जाऊन बसले आणि स्टेटस पाहिलं. तीच ओळ: केस पेंडिंग. रडू आलं, ते आवरलं आणि दहा मिनिटांनी परत आत गेले. बाईंनी नवा वर्ख पुढे केला. चौथा वर्ख बसला.

पुढच्या मंगळवारी गुळगुळीत दगडानं सोनं घासून चकाकी आणायची होती. हे मला जमणारं होतं! मी घासत सुटले. बाई "पुरे, पुरे" म्हणेपर्यंत खालची तांबडी माती डोकावायला लागली.

"जुन्या चित्रांत असंच दिसतं," बाई हसत म्हणाल्या, "पण त्याला पाचशे वर्षं लागतात. तू वीस मिनिटांत केलंस."

मीही हसले, कितीतरी दिवसांनी.

त्याच आठवड्यात परमिट आलं. सोमवारी मी कामावर हजर झाले आणि क्लास सुटला तो सुटलाच. महिन्याभरानं एका शनिवारी लायब्ररीतून फळी घेऊन आले. मुलीनं ती उलटसुलट करून पाहिली. "आई, व्हेअर इज द फेस?"

"राहिलाय," मी म्हणाले. तो अजूनही राहिलाच आहे.