बी लाइनीचा कढत हौद

साखर कारखान्याच्या वसाहतीत राहिलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. दारं-खिडक्या लावल्या तरी चिमणीची राख घरात येते आणि फळीवर साचते, तसे ते साचतात. आमच्या चाळीचे, म्हणजे बी लाइनीचे, निम्मे किस्से तर एकट्या हौदाचे! लोक मला अजून ते सांगायला लावतात आणि हसतात. मीही सांगते. सुरुवातीचे हसण्यासारखेच आहेत.

तेव्हा आम्ही श्रीरामपूरच्या बाजूला एका कारखान्यात होतो. आमचे हे बॉयलरवर फिटर. साल बहात्तर, म्हणजे दुष्काळ. वसाहतीच्या विहिरीनं तळ दाखवलेला, प्यायचं पाणी टँकरनं यायचं, तेही आलं तर. पण ऊस गाळताना त्याच्यातूनच एवढं पाणी निघतं, की कारखान्याला ते सोडून द्यावं लागतं. ते असतं कढत. आमच्या लाइनीतल्या पुरुषांनी त्याचा पाइप चाळीमागे वळवला आणि उरल्यासुरल्या सिमेंटचा एक हौद बांधला. खोली मोठ्या माणसाच्या कमरेएवढी, काठ गुडघ्याएवढा. पाण्याला गुळचट वास यायचा. अंघोळ, धुणं, भांडी, सगळं त्यावर.

माझे मामा मिरजगावहून आले होते. त्यांच्याकडे बायका हंडाभर पाण्यासाठी मैलभर चालायच्या. त्यांनी हौदातून निघणारी वाफ पाहिली.

"आमाला प्यायला न्हाई," ते म्हणाले, "अन तुमी तापवून वतताय."

मग त्यांनी एका दिवसात तीनदा अंघोळ केली. संध्याकाळी अंगाची आग व्हायला लागली, तर खोबरेल चोळत म्हणाले, "आसूं दे. लग्नातबी येवढा न्हालो नव्हतो."

*

शेजारी टाइमकीपर देशमुख राहायचे. त्यांचे गुडघे धरलेले. कुणीतरी सांगितलं, कढत पाण्यात बसा, वात पळतो. थंडीतल्या एका रविवारी ते थोडी घेऊन गळ्यापर्यंत हौदात जाऊन बसले. आम्हाला वाटलं, डोळे मिटून देवाचं नाव घेताहेत. त्यांची बायको टॉवेल घेऊन गेली, तेव्हा त्यांची हनुवटी पाण्याला टेकली होती आणि हाकेला ओ नव्हती.

चौघांनी काखेत हात घालून बाहेर काढले. रंग असा, की बघवेना. वारा घातला, तोंडावर माठातलं पाणी मारलं, तेव्हा डोळे उघडले.

"उठला का नाहीत?" बायकोनं विचारलं.

"बरं वाटत होतं."

"बरं वाटून मेला असतात, तर लोकांना मी काय सांगणार होते?"

देशमुखांचे गुडघे शेवटपर्यंत धरलेलेच राहिले.

*

आमच्या लाइनीत आक्का नावाची एक म्हातारी होती. बाळंतिणीला न्हाऊ घालायला सगळे तिलाच बोलवायचे. तिचं शास्त्र एकच: पाणी जितकं कडक, तितकी बाई घट्ट. कोपऱ्यावरच्या सिंधूला तिनं हौदाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं आणि वर न्हाणीचं दार लावून आत कोळशाची शेगडीही ठेवली. वारा लागायला नको ना! सिंधू उठायला गेली ती कोसळलीच. बाळ आईजवळ होतं की आक्काजवळ, हे आम्ही दार ढकलून आत शिरेपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं. होतं आक्काजवळ, नशीब.

सिंधू शुद्धीवर आली, तेव्हा आक्का पदरानं घाम पुसत सांगत होती, "पानी गारच हुतं. हल्लीच्या पोरीच नाजूक."

*

या सगळ्यात हौदाला घाबरणारी एकच बाई होती. हौसा. तिचा नवरा ऊस उतरवायच्या कामावर होता. लग्नाला बरीच वर्षं मूल नव्हतं, मग छबी झाली. छबी तेव्हा पाच वर्षांची. हौसाचं दार हौदाच्या अगदी समोर. कामाला हात घालायच्या आधी ती छबीच्या कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी बांधायची आणि दुसरं टोक खाटेच्या पायाला. आम्ही हसायचो. पोरं तर छबीला "शेरडू" म्हणायची.

"आगं, किती दिस बांधशील?" आक्का विचारायची.

"झाकन हुईस्तवर," हौसा म्हणायची.

झाकण मागायला ती खरंच ओव्हरसीअर साहेबांकडे गेली. सोबत म्हणून मी. साहेबांनी तिचं ऐकून घेतलं, भिंतीवरचा वसाहतीचा नकाशा बघितला आणि म्हणाले, "बाई, बी लाइनीमागे हौद नाहीच."

"हाय की सायेब. येऊन बगा."

"तुमच्या लोकांनी परस्पर बांधलाय. कारखान्याच्या लेखी तो नाही. जो हौदच नाही, त्याला मी झाकण कसं देऊ?"

 हौसानं विचारलं, "मंग सायेब, त्यात कुनी पडलं, तर ते पडल्यालं का न्हाई धरायचं?"

साहेबांनी चहा मागवला. त्यांच्या एकट्यापुरता.

हा किस्सा मी सांगितला की लोक सगळ्यात जास्त हसतात. मला त्या माणसाचा अजून राग येतो.

*

मग हौसानं स्वतःच कुठून कुठून पत्रे आणले, नवऱ्याकडून ठोकून घेतले आणि हौदावर टाकून वर दगड ठेवले. आठवडाभर बरं चाललं. पण दर बादलीला दगड उतरवा, पत्रा सरकवा, पुन्हा झाका. एक दिवस एकीनं पत्रा उघडाच ठेवला, दुसऱ्या दिवशी सगळ्यांनीच. देशमुखांची बायको म्हणाली, "पत्र्याला दोन हात, बादलीला एक. देवानं तिसरा द्यायला हवा होता." आम्ही खूप हसलो. पुढे कुणाच्या तरी लग्नात आचाऱ्याला चुलीसाठी आडोसा हवा होता, म्हणून पत्रे नेले. लग्न छान झालं. पत्रे परत आले नाहीत.

 हौसानं लुगड्याची पट्टी बदलून नवी केली.

*

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

हौदाचं पाणी किती कढत आहे, हे आम्ही हात घालून बघत नसू. कानांनी ओळखायचो. वसाहतीत ऊस पिळणाऱ्या मिलची घरघर चोवीस तास असते, इतकी की ऐकूच येत नाही. ती चालू असली की पाणी पोरांना पोळणार, हे ठरलेलं. महिन्या-दीड महिन्यानं साफसफाईसाठी मिल बंद ठेवायचे, तेव्हा घरघर थांबायची आणि पाणी कोमट व्हायचं. तो पोरांचा सण! "मिल बंद, मिल बंद" ओरडत सगळी हौदात उतरायची. त्या एका दिवशी हौसाही छबीला सोडायची आणि काठावर बसून तिला न्हाऊ घालायची. छबी पाण्यात काठ धरून गाणी म्हणायची. तेवढ्यापुरती हौसाही हसायची.

त्या दिवशी सकाळी मिल थांबली. एकदम. मी भाकरी थापत होते, तर माझ्या हाताचा आवाज मलाच मोठा वाटला. चाळीत पोरं ओरडायला लागली, "मिल बंद!" समोर हौसा दारात आली, तिनं कान दिला. खात्री केली. मग आत जाऊन पट्टीची गाठ सोडली.

बांधून ठेवलेलं पोर सुटलं की कसं धावतं! बाकीची पोरं तिच्यापेक्षा मोठी, पण छबी सगळ्यांच्या पुढे होती. हौसा टॉवेल घेऊन मागून येत होती. छबीनं काठावर पाय दिला आणि उडी मारली.

ती ओरडली म्हणून बाकीची पोरं काठावर थांबली. नाहीतर पाच-सहा गेली असती. हौसानं तिला उचललं, तेव्हा हौसाचे हातही कोपरापर्यंत सोलले.

रात्री यांनी मला सांगितलं. ती साफसफाई नव्हती. मिलचा एक दांडा तुटला होता. साफसफाईला रस आधी संपवतात; या वेळी मिल थांबली, पण आत गेलेला रस उकळतच होता, त्याचं पाणी पाइपातून येतच होतं. आणि त्या पाइपात थोडं गार पाणी मिसळणारा पंप मिलबरोबरच बंद पडला होता. इतकं कढत पाणी हौदात त्याआधी कधी आलं नव्हतं. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

कारखान्याच्या जीपनं छबीला श्रीरामपूरला नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जीप परत आली, तेव्हा ती चादरीत गुंडाळलेली होती.

तोवर दांडा बसवून झाला होता. मिल घरघरत होती.

पोरीला शेवटची अंघोळ घालायची होती. टँकर आला नव्हता. कुणाच्या घरात कळशीभर पाणी नव्हतं.  शेवटी देशमुखांची बायको उठली, चाळीमागे गेली आणि हौदातून बादली भरून घेऊन आली. बादलीतून वाफ येत होती. तिनं ती अंगणात ठेवली आणि तोंडावर पदर घेतला.

पुरुष बाहेर खोळंबले होते. आक्का पुढे सरकली, म्हणाली, "नुसतं शिपडू. त्येवढं पुरं हाय." तिनं तांब्या बुडवला.

हौसा पोरीसोबतच जीपमधून आली होती. हातांना फडकी गुंडाळलेली. तिनं आक्काला तांब्या तसाच खाली ठेवायला लावला, एका बोटावरचं फडकं दातानं सोडलं आणि बोट पाण्यात घातलं.

"थांबा," ती म्हणाली. "लई कडक हाय. जरा निवू द्या."

मग आम्ही सगळ्या पाणी निवायची वाट बघत बसलो.