पाच साईट, पाच नंबर

फुलचूरला माझं जाळ्यांचं दुकान होतं. जाळ्या म्हणजे राइस मिलमधल्या. पत्र्याला बारीक लांबट भोकं पाडलेली असतात, तांदूळ आत राहतो आणि कोंडा खाली पडतो. मी चौथी शिकलो, पण कोणत्या धानाला कोणतं भोक लागतं हे मला कोण्या इंजिनिअरनं सांगायची गरज नव्हती. मूठभर धान तळहातावर घासून मी जाळी सांगायचो. कामठ्याचे काय, बालाघाटचे काय, मिलवाले गाडी काढून माझ्याकडे यायचे.

मग येणं कमी झालं. मिलवाल्यांची पोरं कॉम्प्युटरवर शोधून दुसऱ्या राज्यातून जाळ्या मागवू लागली. ही गोष्ट दोन हजार दहाच्या आसपासची. माझी लहान मुलगी गोंदियाला कॉम्प्युटर शिकली होती आणि तिला पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं होतं. बायको आधीच वारली, मोठ्या मुलीचं लग्न झालं, घरात आम्ही दोघंच. लहानी म्हणाली, "बाबा, सहा महिने द्या. दुकानाची वेबसाईट बनवून पाहू. लोकायनं जाळी शोधली अन् आपलं नाव वर आलं, त मी इथंच राहीन. नाई आलं त पुण्याले जाईन."

मी म्हटलं, येते कसं नाही.

साईट झाली. रोज सकाळी चहा घेताना ती शोधून पाहायची आणि मी विचारायचो, "कितवं पान?"

"सातवं."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? साईटवर फोटो अन् फोन नंबर सोडून हाय का? तुमी सांगा ना, कोणत्या धानाले कोणती जाळी, लवकर फाटते कायले, बसवाची कशी. मी लिहून घेईन. लोकं तेच शोधून राहिले."

"माझी विद्या फुकट वाटू? ज्याले पायजे त्यानं धान घेऊन दुकानात यावं."

ती उठून गेली. मला वाईट वाटलं नाही. चाळीस वर्षं हात कापून घेऊन शिकलेली गोष्ट होती ती.

पुढं एका मिलवाल्याच्या घरच्या लग्नात नागपूरचा एक माणूस भेटला. वेबसाईटचाच धंदा करायचा. पंगतीत बाजूला बसून त्यानं मला समजावलं. साईट ज्या मशीनवर ठेवतात तिला नंबर असतो, त्याला आयपी म्हणतात. एका नंबरवर कितीही साईट राहतात, पण वेगळा नंबरही घेता येतो. "काकाजी, पाँच साइट बनाओ. चार साइट पाँचवी की तारीफ करें. लेकिन सबका नंबर अलग रखना. एक ही नंबर रहा तो सर्च समझ जाएगा कि घर एक ही है."

मला ते एकदम पटलं. पटायला कारण होतं. आमच्या गावी तलाव आटला की मासोळी धरायचे आणि एका चुलीला एक असे वाटे घालायचे. माझा बाप आणि काका एका घरात राहायचे, एका ताटात जेवायचे. पण मासोळीच्या दिवशी काका गोठ्यात तीन दगड मांडून दुसरी चूल पेटवायचा. पंच यायचे, धूर पाहायचे, दोन वाटे द्यायचे. कितीतरी वर्षं आम्ही दोन वाटे खाल्ले. म्हणून म्हटलं, जग असंच चालते. सर्च चालवणारी माणसं काही आभाळातून आली नाहीत.

मुलीला सांगितलं तर ती हसली. "बाबा, पाची साईटवर फोटो तेच, फोन तोच, मजकूर तोच. नंबर वेगळा घेऊन का होते? एका नंबरवर हजार दुकानं राहतात, तरी त्यातली वर येतेच ना."

"पंचायले धूर दिसला त वाटा भेटते."

"सर्च पंच नोहोय. तो धूर नाई पाहत, वाचून राहिला हाय."

"बापाले शिकवते?"

माझ्या घरात या वाक्यापुढं कोणी बोलत नसे, तिची आईही नाही.

तिनं चार साईट आणखी बनवल्या. प्रत्येकीला वेगळा नंबर, प्रत्येकीला वेगळं नाव. एक रायपूरची वाटावी, एक नागपूरची. चारही आमच्या पहिल्या साईटचं कौतुक करायच्या. त्यात सहापैकी चार महिने गेले. एक दिवस सहावं पान निघालं, तर मी बाजूच्या दुकानदारांना चहा पाजला. दोन दिवसांनी परत सातवं. मग अकरावं. मग एका सकाळी तिनं पानामागून पान उलटलं आणि आमचं नाव कुठंच निघालं नाही. ना पहिली साईट, ना बाकी चार. तिनं चहा तसाच ठेवला.

मी त्या नागपूरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, नंबर बदला. मुलीनं नंबर बदलले. काही झालं नाही. सर्चनं मजकूर वाचून पाचही एकाच घरच्या हे ओळखलं होतं, आणि तसंच होणार हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

सहा महिने भरले. गोंदियाच्या फलाटावर मी तिची बॅग धरून उभा होतो. गाडी लागलेली होती. ती म्हणाली, "बाबा, अजून एक गोष्ट करू. पाची साईट बंद करू. एकच ठेवू, तुमी सांगान ते त्यावर लिहू. तुमी फक्त हो म्हणा. मी तिकीट फाडून टाकीन."

दोन अक्षरांचं काम नाही, एकाच अक्षराचं होतं. ती माझ्याकडे पाहत उभी होती. आणि मी काय म्हणालो? "तो नागपूरवाला म्हणते, यावेळी विदेशातले नंबर घेऊन पाहू."

तिनं माझ्या हातातून बॅग घेतली. पाया पडली, डब्यात चढली. खिडकीशी आली नाही.

पुण्यात ती दुसऱ्यांच्या दुकानांची नावं वर आणायचं काम करते. चांगली करते म्हणतात. तिकडेच लग्न केलं, तिकडचीच झाली. माझं दुकान दोन वर्षांत बंद पडलं. कितीदा तरी ठरवून फोन लावतो, की आज सांगायचं, तुझं खरं होतं. ती उचलते, "बोला बाबा" म्हणते. मी विचारतो, जेवली का. ती म्हणते, हो. मग फोन तीच ठेवते.