झेड ड्राइव्हची साफसफाई

"काका, लॅपटॉपवरून प्रिंट निघतेय," गिरीश फोनवर म्हणाला. "पण अण्णांची डिझाइनं गायब झाल्यात."

"कुठल्या कॉम्प्युटरवरची?"

"दोन्हींवरची."

जुना कॉम्प्युटर लगेच बंद कर, आता त्यावर काहीही करू नकोस, असं सांगून मी सात रस्त्यावरचं माझं रिपेअरिंगचं दुकान बंद केलं आणि गाडी जुळे सोलापूरकडे घेतली.

गिरीशचे वडील अण्णा कारखान्यांना चादरींची डिझाइनं घरून करून देतात. विणताना कोणता धागा वर आणि कोणता खाली, हे मागाला सांगणारी फाइल असते. त्यांचं सॉफ्टवेअर विंडोज सेव्हनच्या जुन्या कॉम्प्युटरवरच चालतं. प्रिंटरही त्यालाच जोडलेला. गिरीशला नव्या लॅपटॉपवरून फाइली बघायच्या होत्या आणि प्रिंट काढायची होती, एवढंच. त्याची सरळ रीत मी सांगितली होती. जुन्या मशीनवर पासवर्डाचा यूजर करायचा, प्रिंटर शेअर करायचा आणि डिझाइनचं एकच फोल्डर असं शेअर करायचं की लॅपटॉपवरून ते वाचता येईल, पुसता येणार नाही. पण नवरात्रात पुण्याचे जावई आले. ते आयटीत आहेत. मग माझी गरज उरली नाही.

बिनपासवर्डाच्या मशीनशी जोडून घ्यायला नवं विंडोज नकार देतं. योग्यच करतं. जावयांनी पासवर्ड घातला नाही, विंडोजची ती अटच काढून टाकली. वर जुन्या मशीनची अख्खी डी ड्राइव्ह पूर्ण हक्कांसह सगळ्यांना खुली केली. लॅपटॉपवर ती झेड ड्राइव्ह म्हणून दिसू लागली. सासुरवाडीत कौतुक झालं.

खंडेनवमीला आपल्याकडे अवजारं पुसून पुजतात. गिरीशनं पूजेआधी लॅपटॉप आतूनही साफ करायचं ठरवलं. झेडमध्ये अण्णांचं फोल्डर दिसलं. ही इकडची कॉपी, मूळ अण्णांकडे आहेच, असं समजून त्यानं ते डिलीट केलं. कायमचं पुसू का, असं विंडोजनं विचारलं. तो हो म्हणाला. शेअर केलेलं फोल्डर ही कॉपी नसते. दुसऱ्याच्या कपाटात घातलेला तो आपला हात असतो. आणि असं नेटवर्कवरून पुसलेलं रिसायकल बिनमध्येही सापडत नाही.

तरीही डिस्कवर लगेच दुसरं काही लिहिलं गेलं नसतं, तर सगळं परत मिळालं असतं. पण डी ड्राइव्ह मोकळी झालेली पाहून जावयांनी सगळ्यांना बघायला तिच्यात सिनेमे भरले.

मी पोचलो तेव्हा मॉनिटरवर हळदकुंकू होतं आणि सीपीयूला सुकलेली झेंडूची माळ. अण्णा कॉटवर बसून होते.

"बाकीचं ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "कारखान्यानं पास केलेली ती मोराची फाइल तेवढी काढा. त्यांनी माग रिकामा ठेवलाय की."

जावई म्हणाले, "टेक्निकली माझं सेटअप करेक्ट होतं. यूजर एरर आहे ही."

"हो," मी म्हणालो. "आणि तो यूजर तुम्ही ॲडमिन केला होता."

ते मोबाइलमध्ये बघू लागले.

डिस्क दुकानात आणून रिकव्हरीला लावली. बरीच डिझाइनं उघडली. मोराच्या फाइलचं नाव आलं, पण ती उघडेना. तिच्या जागेवर सिनेमा बसला होता. सिनेमे मात्र एकूण एक शाबूत होते.

डिस्क परत बसवायला गेलो तेव्हा पासवर्ड घालू लागलो. अण्णांनी मला स्वयंपाकघरात नेलं.

"आत्ता नगा. जावई परवा जातेत, मग करा की. त्यांनी केलेलं त्यांच्या म्होरं मोडलं तर त्यांना काय वाटंल?"

"तुमचं डिझाइन गेलं, त्याचं त्यांना काय वाटलं?"

मी बाहेर येऊन जावयांसमोरच पासवर्ड घातला, झेड ड्राइव्ह काढली आणि एकच फोल्डर फक्त वाचण्यापुरतं शेअर केलं. जावयांनी सिनेमे पेनड्राइव्हवर देता का, असं विचारलं.

अण्णा मोर पुन्हा काढायला बसले. तो पुरा होण्याआधी कारखान्यानं त्या मागावर दुसऱ्याचं डिझाइन चढवलं.

ज्याला फक्त बघायचंय त्याला पुसायचा हक्क देऊ नये. कॉम्प्युटरला हे पटवायला दोन क्लिक लागतात. घराला पटवायला जावई गावी जायची वाट बघावी लागते.