तालीवरचा हुरडा

त्या साली कोरेगावकडच्या आमच्या गावात पाऊस दोनदा तोंड दाखवून गेला. शाळू हातभर वाढून करपला. पूर्ण पीक सोळा आणे धरून मामलेदार गावाची आणेवारी ठरवत. ती कमी लागली तरच शेतसारा तहकूब होणार होता.

अडचण होती ती माझ्या वडिलांची. पलटणीतून परतल्यापासून ते उताराच्या रानात पाणी अडवायला दगडी ताली, म्हणजे आडवे बांध, घालत. लोक हसायचे. त्या साली मात्र ओल तालीआड थांबली आणि एकट्या आमच्याच रानात कणसं भरली.

चावडीत पाटील वडिलांना म्हणाले, "आबा, सायेब यायच्या आदी एक दिस गुरं सोडा रानात. गावासाठी."

"तुमी ताली घाला की, गावासाठी!"

मी नाताळच्या सुट्टीला सांगलीहून आलो होतो. घराण्यातला कॉलेजात गेलेला पहिलाच, म्हणून बोलावंसं वाटलं. अडखळत सांगितलं, की आमचे प्राध्यापक म्हणतात, परदेशात पिकाचा विमा उतरवतात. पीक बुडालं की भरपाई मिळते.

"बुडालं की पैसं?" एकानं विचारलं. "मग ताली कोन घालंल रं गड्या?"

चावडी हसली. मीही हसलो.

वडिलांनी गुरं सोडली नाहीत. मग पाटलांनी मामलेदारांना नुसतं माळाकडूनच फिरवलं. करपलेली ताटं बघून साहेबांनी मान हलवली. काम फत्ते झालं होतं. पण साहेब हुरडा न खाता गेले तर गावाची अब्रू ती काय राहिली? गोवऱ्यांची आगटी पेटली आणि पाटलांनीच माणूस पिटाळला कणसं आणायला. भरली कणसं अख्ख्या शिवारात होती कुठं?

साहेबांनी ऊन ऊन दाणे तोंडात टाकले. "वा! हे कुठल्या रानातले?"

चारपाच जणांनी मोठ्या अभिमानानं आमच्या तालीकडं बोट केलं. साहेब तिकडं गेले, तालीवर उभे राहिले आणि आणेवारी वाढवून निघाले. तहकुबी गेली.

पाटील तणतणत आमच्या घरी आले. "तुमच्या तालीनं गाव बुडीवला, आबा."

"हुरडा गोड हुता न्हवं?" वडिलांनी विचारलं.

उन्हाळ्यात गावात कुणी एक दगड रचला नाही. मी पुन्हा सुट्टीला आलो तेव्हा आमची ताल मात्र दोन जागी फोडलेली होती. पुढच्या दुष्काळाचा विमा गावानं असा उतरवला होता.