मेंढरांनी ठरवलेलं रान

मुलगा युरियाचं पोतं फोडतो, तो वास नाकाला झोंबतो आणि मला मेंढरं आठवतात.

स्वातंत्र्याआधी येळ्ळुरात भात कापून झालं, की बिराप्पा धनगर कळप घेऊन यायचा. ज्याच्या रानात मेंढरं बसतील, त्याला लेंड्यांचं खत मिळायचं. त्या वर्षी शेजारच्या काकूनं बिराप्पाला आधीच जेवायला बोलावलं. म्हणजे कळप तिच्याच रानात बसणार, म्हणून आई हिरमुसली. मी मात्र पावट्याची टरफलं वाटेवर टाकत आमच्या रानापर्यंत गेले, आणि सगळा कळप खात खात माझ्यामागं आला.

“आता मी काय करू, आक्का? मेंढरांनीच ठरीवलंय,” बिराप्पा आईला हसत म्हणाला. आईनं पोळ्या केल्या, काकूलाही बोलावलं.

आता त्याच रानात पोत्याशिवाय काही उगवत नाही, आणि पोत्याला काही जेवायला बोलावता येत नाही.